मेलेल्या माणसाची पावती

सोमवार, १४ जानेवारी १९६३

साखळी घातली! मालक स्ट्रिकलंडसाहेबांनी, बाहेरची मदत आत जाऊ नये म्हणून, मळ्याच्या रस्त्यावर चक्क लोखंडी साखळी घातली आणि शेजारी बंदूकवाला बसवला. आता आत जायचं तर पाद्र्याने, डॉक्टरने, नाहीतर मयताच्या गाडीने. बाकी कुणालाही सोडत नाहीत.

इकडे चर्चच्या तळघरात पीठ, चवळी, तांदूळ, चरबीचे डबे छतापर्यंत रचलेत. शनिवारी शिकागोहून ट्रक आला. आणि तिकडे मळ्यावर चाळीस घरं उकडलेल्या सलगमांवर दिवस काढतायत. मधे फक्त सहा मैल आणि ही साखळी.

ट्रकबरोबर शिकागोचं पत्रही आलं. समान हक्क निधीच्या मिसेस प्रॉक्टर लिहितात – अर्धे पैसे भुकेसाठी, अर्धे हक्कांसाठी, म्हणजे जामीन, कोर्टाचे दंड, साक्षरतेचा वर्ग. दोन्ही वेगवेगळं ठेवा, कारण देणारे वेगवेगळे आहेत. भुकेसाठी देणाऱ्यांना कोर्टकचेरी आवडत नाही. अहो बाई, आमच्याकडे ही भूक कोर्टातूनच आली की! मागच्या ऑक्टोबरात इथे मिसिसिपीत आम्हा काळ्यांतले बारा जण मतदार म्हणून अर्ज द्यायला गेले, म्हणून काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी, हिवाळ्याचं सरकारी पीठ सगळ्यांचंच बंद केलं. गेले त्यांचं आणि नाही गेले त्यांचंही. कुठला डॉलर कुठल्या डब्यात टाकू मी?

शिवाय प्रत्येक घरामागे सही केलेली पावती हवी. सह्या नसतील तर पुढचा ट्रक नाही. मळ्यावर सही येणारे किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी स्वतः अर्ज दिलेला नाही. धान्यवाटप समितीची चिटणीस मी, तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे आणि बायकांचे केस करायच्या माझ्या दुकानाचं लायसन सरकारच्या हातात. किल्लीवालीने लांब राहावं असं ठरलंय. लोकांना हेच सांगते. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. अर्ज दिला की पेपरात नाव छापतात, तेही दोन आठवडे. मग दुकानाच्या काचा कुणी फोडल्या ते विचारायची सोय नाही.

ही वही पिनांच्या डब्याखाली ठेवतेय. लिहू नये खरं तर. पण कुणाशी बोलू?

मंगळवार, १५ जानेवारी

सीफस रड आला होता. आमच्या लोकांची मयतं उचलणारा काउंटीत हा एकटाच. निम्मी काउंटी दर आठवड्याला दहा सेंट देऊन त्याच्याकडे स्वतःच्या पुरण्याची सोय करून ठेवते. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर. माझ्या हातात केस सरळ करायचा तापलेला कंगवा.

म्हणाला, "आयझोला, माझ्या गाडीला तो बंदूकवाला टोपी काढतो."

"मग?"

"मग काय मग! शवपेटीत पिठाची किती पोती मावतात, विचार केलायस कधी?"

कंगवा खाली ठेवला मी. नाहीतर स्वतःलाच भाजून घेतलं असतं. म्हटलं, "सीफस, मयताची गाडी आत जायला आत कुणीतरी मरावं लागतं."

"हो. तेवढंच राहिलंय," म्हणाला.

बुधवार, १६ जानेवारी

पाद्रीबाबा मळ्यावर जाऊन आले. सीफसने त्यांच्या कानात घातलं होतं, त्यांनी ते टोबायस ग्रिम्सकाकांच्या कानात घातलं. काकांचा उलट निरोप असा – "मळ्यावर सगळ्यांत म्हातारा मी. एकाहत्तर. मी मेलो तर कुणी भुवईसुद्धा वर करणार नाही. फक्त माझ्या बायकोला, मिंटीला, आधी सांगा, नाहीतर ती मला खरंच मारेल."

मला हसू येईना. पकडलो गेलो तर? सीफसचं लायसन जाईल, मिंटीकाकूचं घर जाईल, चाळीस घरं भर थंडीत रस्त्यावर. नको म्हणावं असं दहादा ओठांवर आलं. पण सलगम आठवले आणि गप्प बसले.

गुरुवार, १७ जानेवारी

टोबायसकाका आज सकाळी दहाला वारले.

मी गाडीत पुढे बसले होते, काळा कोट आणि मांडीवर बायबल. मागे पेटीत पीठ, चवळी, मीठ, दोन डबे काकवी. साखळीपाशी गाडी थांबली.  बंदूकवाल्याने विचारलं, "कोण?" सीफस म्हणाला, "म्हातारा टोबी." त्याने खरंच टोपी काढली! साखळी खाली टाकली. गाडी वरून गेली तेव्हा खडखडली, मला वाटलं पेटीच उघडली.

मिंटीकाकू दारात उभी राहून असा टाहो फोडत होती की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आत गेल्यावर शालीने तोंड पुसून म्हणाली, "पीठ आधी पलंगाखाली. चवळी मागल्या दाराने सतरा नंबरला. लवकर!"

येताना पेटीत काका. गावात आल्यावर माझ्या दुकानामागच्या खोलीत झाकण उघडलं. पांढरे केस पिठाने आणखी पांढरे झालेले. म्हणाले, "सीफस, इतकी वर्षं दहा-दहा सेंट घेतोस, आणि आत साधी उशी नाही?"

आता हे इथेच राहणार. पडद्यामागे. किती दिवस, माहीत नाही.

शुक्रवार, १८ जानेवारी

मालकांच्या मोठ्या घरातून डुकराच्या मांडीचं हॅम आलं. अख्खं, लवंगा टोचलेलं. चिठ्ठी – "टोबीच्या घरी, घर नं. चौदा." मिंटीकाकूने ते पाद्रीबाबांबरोबर इकडे पाठवलं. काका म्हणाले, "जिवंतपणी एक तुकडा नाही दिला मेल्याने!" आणि दोन तुकडे खाल्ले.

रविवार, २० जानेवारी

आज अंत्यविधी झाला. 

पेटीत चुलीची लाकडं आणि वाळू भरली होती. काकांच्या वजनाइतकी, सीफसने अंदाजाने. झाकण ठोकून बंद. मयताच्या नावाची, कार्यक्रमाची पत्रकं छापलीच नाहीत, तेवढा वेळ कुठला. चर्च भरलं होतं. तिसरं गाणं चालू असताना स्ट्रिकलंडसाहेब आले. पहिल्या बाकावर त्यांच्यासाठी जागा सोडलेलीच असते. मळ्यावरचं जुनं माणूस गेलं की मालक येतात, दोन शब्द बोलतात, अशी पद्धतच आहे. आम्ही सगळा बेत केला आणि नेमकी ही पद्धत विसरलो!

उठले. टोपी छातीशी. म्हणाले, "आमचा टोबी. माझ्या वडिलांच्या काळापासूनचा. नोकर नव्हे, घरचाच माणूस. मला घोड्यावर बसायला त्याने शिकवलं." डोळे खरंच ओले होते. मग पेटीकडे वळून म्हणाले, "एकदा तोंड बघू दे मला त्याचं."

सगळं चर्च एकदम गार.  सीफस पुढे झाला. काय बोलणार हा? मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही.

सीफस हळूच म्हणाला, "साहेब, जलोदर होता. दिवस झालेत. तुमच्या मनात जसा आहे तसाच राहू दे."

साहेब थबकले. मान हलवली. पेटीवर हात ठेवला – वाळूवर! – आणि निघून गेले. मिंटीकाकूने मग जो हंबरडा फोडला तो नाटकातला नव्हता. भीती बाहेर पडत होती बाईची.

लाकडं पुरून आलो.

सोमवार, २१ जानेवारी

काकांना सगळं हवं. "आणखी काय म्हणाले?" "घरचाच माणूस म्हणाले? असंच म्हणाले?" चार वेळा सांगायला लावलं. शेवटी म्हटलं, "काका, तुम्हाला पाठच झालं आता!"

"घोड्यावर मीच शिकवलं, ते बरोबर आहे," म्हणाले. "दोनदा पडला होता. रडला नाही."

आज सीफस खुर्च्या द्यायला म्हणून मळ्यावर गेला. दुखवट्याला खुर्च्या तोच देतो आणि तोच परत आणतो. जाताना खुर्च्यांच्या खोक्यांत तांदूळ. आता आठ दिवस मिंटीकाकूच्या घरी शेजारणी झाकलेली ताटं घेऊन येणार-जाणार. दुखवट्याच्या घरचं ताट कुणी उघडून बघत नाही. येतं एका घरी, जातं चाळीस घरी. सीफस म्हणतो, "देवा, माझ्या धंद्यात एवढी बरकत कधी नव्हती."

शनिवार, २६ जानेवारी

आज दुकानात जीव जायचा राहिला. शनिवार, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. चर्चच्या गायनमंडळातली ऑर्फा डोकं वाकवून बसलेली, मी मानेवरचे केस सरळ करतेय. बया म्हणते, "टोबायस देवमाणूस होता हो, पण गाणं! चाळीस वर्षं बेसूर. आता तरी स्वर्गात कुणीतरी त्याला गप्प करेल."

पडद्यामागून खाकरल्याचा आवाज.

सगळ्यांचे डोळे तिकडे. मी घाईघाईने म्हटलं, "मांजर आहे." आणि कंगवा ऑर्फाच्या कानाला लागला. ती किंचाळली, मी माफी मागितली, गोष्ट तिथेच मिटली. ती गेल्यावर मी पडद्याआड जाऊन काकांना असं झापलं! तोंड पाडून म्हणाले, "बेसूर म्हणाली, पोरी."

रात्रीसारखी दिवसाही आता उठून खिडकीशी जाते. दार वाजलं की जाते. मोटार थांबली की जाते.

बुधवार, ३० जानेवारी

काका सही शिकतायत.

बसून बसून वैतागले होते. मी साक्षरतेच्या वर्गाची पाटी दिली. म्हटलं, हक्कांच्या पैशातून आलीय, वापरा. पहिले चार दिवस नुसत्या काड्या. आज पहिल्यांदा अख्खं नाव उमटलं – टोबायस ग्रिम्स. 'ग्रिम्स'पाशी जीभ बाहेर काढून लिहितात. किती तरी वेळ बघत बसले त्याच्याकडे.

म्हणाले, "बापाने नाव सांगितलं होतं मला. लिहून नव्हतं दिलं. त्यालाच येत नव्हतं."

मी चुलीकडे वळले, मक्याची भाकरी करपत होती म्हणून.

सोमवार, ४ फेब्रुवारी

पावत्या गोळा झाल्या. बहुतेकांच्या फुल्याच. सीफसने मळ्यावरून पाकिटात आणल्या, मी पुडकं बांधलं.

मिसेस प्रॉक्टरचं आणखी एक पत्र. लोक आकड्यांना पैसे देत नाहीत, म्हणतात, माणसांना देतात. "एखादी खरी हकीगत कळवा, वाचून हात खिशाकडे जाईल अशी." पुढचे तीन ट्रक त्यावरच अवलंबून आहेत म्हणे. जामिनाची रक्कमही.

बसून लिहिली. एक म्हातारा, एकाहत्तर वर्षांचा, या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकला. मळ्याचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. एवढी अक्कल आहे मला. वाचून मलाच भरून आलं. पुडक्याबरोबर टाकून आले पोस्टात.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

देवा, देवा, देवा!

सकाळी काका मक्याची पेज खाताना सहज म्हणतात, "माझी पावती पोचली असेल ना गं आता?"

"कसली पावती?"

"मी पण खातोच की त्यांचं पीठ. फुकट कशाला? तू पुडकं बांधत होतीस तेव्हा मधे सरकवली एक. सही केली. तारीख पण घातली, तू शिकवलीस तशी."

म्हणजे चार फेब्रुवारी! पुरून पंधरा दिवस झालेल्या माणसाने पीठ घेतल्याची पावती लिहिलीय, स्वतःच्या नावाने, आणि वर मी त्याच पाकिटात म्हाताऱ्याच्या सहीची गोष्ट घातलीय! शिकागोच्या बाईला दोन अधिक दोन करायला कितीसा वेळ लागणार?

ओरडले त्यांच्यावर. खूप ओरडले. ते म्हणाले, "हिशेब चोख असावा असं तूच म्हणालीस ना," एवढंच.

फोन करावा तर एक्स्चेंजवरची गोरी बाई प्रत्येक शब्द ऐकते. तार केली तर तीच वाचणार. पत्र लिहिलं – ती गोष्ट छापू नका, ती सही छापू नका, कारण विचारू नका. पण पत्र चार दिवसांनी पोचणार.

शनिवार, ९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

उत्तर नाही. ऑर्फा म्हणाली, "वाळलीस गं." म्हटलं, बरंच झालं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

छापलं.

निधीचं पत्रक, गुळगुळीत कागद. वर माझी गोष्ट, खाली सहीचा फोटो, मोठा, तारखेसकट. टोबायस ग्रिम्स, टॅलमन काउंटी, मिसिसिपी. मिसेस प्रॉक्टरची चिठ्ठी – तुमचं पत्र छपाई झाल्यावर पोचलं, क्षमस्व, पण प्रतिसाद अभूतपूर्व आहे! पन्नास हजार प्रती गेल्या!

पन्नास हजार. खाली बसले मी. दुकानाच्या लादीवरच बसले.

काकांना दाखवला. त्यांना वाटलं मी कौतुक करायला आणलाय. बोटाने आपलं नाव गिरवत म्हणाले, "छापून आलं की, पोरी!" मी तारखेवर बोट ठेवलं. मग त्यांच्याही ध्यानात आलं. कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

बुधवार, २० फेब्रुवारी

ट्रक आले. तीन कबूल केले होते, पाच आले. ऑक्टोबरात अर्ज देणाऱ्यांतले, जामिनाअभावी तुरुंगात अडकलेले दोघेही सुटून आले. भुकेसाठी देणाऱ्यांनी हक्कांसाठीही दिलं, मिसेस प्रॉक्टर लिहितात, "तुमच्या म्हाताऱ्याने भिंत पाडली." आणि बाहेरच्या पेपरांत बोभाटा झाला म्हणून काउंटीही नरमली. सोमवारपासून सरकारी पीठ पुन्हा सुरू!

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी हसले.  जो कागद लोकांना जगवतोय, त्याच कागदाने आम्ही सगळे मरणार, हे त्या टाळ्यांना काय माहीत.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

तो कागद आमच्या गावात, मार्लोत, आलाय. गोऱ्यांच्या सभेत हातोहात फिरला म्हणे. सीफसने स्वतः पाहिलं – स्ट्रिकलंडसाहेबांच्या मोटारीत पुढच्या सीटवर पडलेला.

सीफसचा चेहरा राखेसारखा. म्हणाला, "मृत्यूचा दाखला मी भरलेलाच नाही. भरला असता तर खोटा, नाही भरला तर गुन्हा. कुठूनही धरला तरी गळा माझाच."

काकांना मेम्फिसला लेकीकडे पाठवू म्हटलं. ऐकत नाहीत. "मी पळालो तर मिंटीला विचारतील. मिंटी तिथे एकटी." बरोबरच आहे. पण मग काय? नुसतं बसून राहायचं?

शनिवार, २३ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवलं. डोकं दुखतंय असं सांगितलं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मालकांनी मिंटीकाकूला सकाळी ऑफिसात बोलावलं. आम्हाला कळलं तेव्हा ती आत गेली होती. सीफस गाडी घेऊन साखळीच्या अलीकडे उभा. मी दुकानात, काका पडद्यामागे. दोन तास. आयुष्यात असे दोन तास काढले नव्हते.

दुपारी आली. सीफसच्या गाडीत बसली तर संशय येईल म्हणून चालत आली, सहा मैल. बसली. पाणी मागितलं. पाणी प्यायली. आणि हसायला लागली! मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग सांगितलं. साहेबांच्या टेबलावर तोच कागद. साहेब म्हणाले, "मिंटी, तू इथली जुनी. खरं सांग. हे उत्तरेतले लोक म्हणतात, आपल्या काउंटीत हा कुणी म्हातारा उपाशी होता. हा ग्रिम्स कोण? माझ्या मळ्यावर कुणी ग्रिम्स आहे का?"

मी म्हटलं, "मग? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! त्याच्यासमोर उभी मी, आर्मिंटा ग्रिम्स, काळे कपडे घालून. म्हटलं, नाही साहेब. ग्रिम्स कुणी नाही ऐकला." शालीने डोळे पुसले. "तर म्हणतो, मला वाटलंच. मनाने रचलेलं असणार. आणि मग म्हणतो, आज टोबी असता तर त्याने लगेच सांगितलं असतं, त्याला काउंटीतला प्रत्येक माणूस ठाऊक होता!"

मी असा आवाज काढला की बाहेर कुणी ऐकला असता तर धावत आलं असतं. दोघी गळ्यात पडून हसलो, रडलो. सुटलो! सीफस आला, त्याला सांगितलं, त्याने टोपी हवेत उडवली. मळ्याच्या वह्यांतसुद्धा नुसतं 'टोबी, घर नं. चौदा'. आडनावाचा रकानाच नाही.

पडदा बाजूला करून काका उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. ते हसले नाहीत.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

काकांनी काल जेवण टाकलं. आजही टाकलं. रताळ्याची गोड पाई केली मुद्दाम, त्यांच्या आवडीची. तशीच पडलीय.

म्हटलं, "काका, वाचलो आपण! आनंद करायचा की असं बसायचं?"

 मग म्हणाले, "एक्कावन्न वर्षं त्यांच्या मळ्यावर, पोरी."

मी ताट बाजूला सरकवलं.

"घोड्यावर बसवला मी त्याला. लगाम हातात दिला. घरचा माणूस म्हणाला, सगळ्या चर्चसमोर. तूच सांगितलंस. आणि माझं नाव छापलेलं त्याच्या हातात होतं, आणि त्याला वाटलं, असा कुणी नाहीच."

त्या नावावर मीच ओरडले होते. आजवरच्या भीतीपेक्षा हे जड जातंय.

बुधवार, २७ फेब्रुवारी

मिंटीकाकू गाठोडं घेऊन आली. लेकीकडे चाललेय असं सांगून घर सोडलं. साहेबांनी हरकत घेतली नाही, नांगरणीला ट्रॅक्टर आलेत, घर रिकामंच हवं होतं. साखळीही काढली म्हणे. शनिवारच्या गाडीने दोघांना मेम्फिसला पाठवायचं, तिकिटं सीफस काढतोय. मग मी चार दिवस नुसती झोपणार.

संध्याकाळी काका काकूला पाटीवर काहीतरी शिकवत बसले होते. मी आत गेले तर पाटी पुसून टाकली.

गुरुवार, २८ फेब्रुवारी, सकाळी नऊ

दोघंही नाहीत! खाटा नीट आवरलेल्या. काकांनी पेटीतून येताना घातलेली काळी हॅट खुंटीवर नाही.

टेबलावर पावतीच्या पुस्तकातलं एक पान. "आयझोलाकडून पोचलं – सहा आठवडे जेवण आणि नाव." खाली सही. त्याखाली दुसरी, वाकडीतिकडी, नवी.

कोर्टातच गेले असणार. आणखी कुठे जाणार? अर्जाची खिडकी दहाला उघडते. देवा, हा माणूस सगळ्यांना बुडवणार! सीफसला, मला, सगळ्यांना! पेपरात छापतात, माहीत आहे त्यांना, मीच सांगितलं होतं –

म्हणूनच गेलेत.

कोट घालतेय. ओढत परत आणते दोघांना.

शुक्रवार, ८ मार्च

पेपर आला. पान चार, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली. मतदार नोंदणीसाठी आलेले अर्ज – टोबायस ग्रिम्स. आर्मिंटा ग्रिम्स. तिसरं नाव माझं.

हाच पेपर मोठ्या घरीही जातो. काका सकाळपासून दुकानात पुढच्या खुर्चीत बसलेत, रस्त्याकडे तोंड करून, हॅट गुडघ्यावर. आत्ता विचारलं, "एव्हाना वाचलं असेल ना गं त्याने?"